आईला रिसर्च स्टडीसाठी मोबाईल अ‍ॅप आणि हातात पट्टा: हो म्हणावं का?

सावनी_प

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आईला (वय ७१) हार्ट फेल्युअर आहे. नाव ऐकून घाबरू नका. हृदय बंद पडलेलं नाही, पंपिंग कमी झालंय आणि गोळ्यांवर बरं चाललंय. गेल्या आठवड्यात पुण्यात तिच्या नेहमीच्या हॉस्पिटलात तपासणीला गेलो, तर डॉक्टरांनी बाजूच्या खोलीत एका मुलीकडे पाठवलं. त्यांचा एक अभ्यास चालू आहे. नवीन औषध वगैरे काही नाही. मोबाईलवर अ‍ॅप टाकायचं आणि रोज सकाळी वजन, पायावर सूज, धाप लागते का, रात्री किती उशा घेऊन झोपता, असलं भरायचं. हातात एक पट्टा, तो पावलं, नाडी आणि झोप मोजणार. वर्षभर. काटा आणि पट्टा तेच देणार. माहितीपत्रक मराठीत आहे, घरी नेऊन वाचा, घाई नाही म्हणाली.

घरात प्रत्येकाचं वेगळं. बाबा म्हणतात, फुकट देतायत म्हणजे दुसरीकडून काढून घेणार. भाऊ बंगळूरला आयटीत आहे, त्याचा प्रश्न: अ‍ॅपला लोकेशनची परवानगी कशाला लागते? आईची चिंता तिसरीच. पट्टा हरवला तर भरून द्यावा लागेल का, आणि एखाद दिवशी भरायचं राहिलं तर डॉक्टर रागावतील का? मला सोयीचं वाटतंय, पण रोज सकाळी आठवण करून देणारी मीच असणार हेही दिसतंय.

तुमच्यापैकी कोणी किंवा घरच्यांनी असल्या मोबाईलवाल्या संशोधनात भाग घेतलाय का? वाईट अनुभव असतील तर ते आधी लिहा.

झणझणीत

"किती उशा" हा प्रश्न आवडला. आमच्याकडे सोफ्यावरच्या धरून मोजल्या तर नऊ. थेट आयसीयूत घेतील. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

मंजू_ठाणे

वाचतेय. सासऱ्यांना शुगरच्या एका अभ्यासासाठी विचारलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "यात माझे डॉक्टर बदलणार का?" नाही म्हटल्यावर सही केली. अ‍ॅप, डेटा याबद्दल चकार शब्द नाही. विश्वास डॉक्टरवर होता, बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

डॉ_मध्यमवर्गीय

झणझणीत, उशांचा प्रश्न आमच्या विद्येत फार जुना आहे. आडवं झाल्यावर धाप लागते, मग माणूस नकळत एक उशी वाढवतो. वजनाचंही तेच. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नसतं, अंगात साठलेल्या पाण्याचं असतं. तेव्हा सावनी, प्रश्न तर योग्य विचारलेत.

पण आई भरणार ते पलीकडे कोण वाचणार, आणि कधी? मी तुझ्या जागी असतो तर आधी हे विचारलं असतं. याच आजारावरचे दोन मोठे अभ्यास सांगतो, दोन्हींत रुग्णाने घरून माहिती पाठवायची होती.

पहिला अमेरिकेतला टेली-एचएफ, २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आला. १६५३ रुग्ण. रोज एका स्वयंचलित यंत्रणेला फोन लावायचा आणि बटणं दाबून लक्षणं आणि वजन सांगायचं. ते नंतर दवाखान्यातली माणसं बघायची. पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूत काही फरक पडला नाही. १४ टक्के लोकांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही, आणि सहा महिने संपता संपता आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे ५५ टक्के उरले होते.

दुसरा जर्मनीतला टिम-एचएफ२, २०१८ मध्ये लॅन्सेट या तशाच नियतकालिकात. १५७१ रुग्ण, सरासरी वय ७०. वजन, बीपी, ईसीजी रोज बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलातल्या केंद्रात जायचं. तिथे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले, आणि रुग्णाला अडीअडचणीला त्यांना थेट गाठण्यासाठी एक मोबाईलही दिलेला. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभरामागे ११.३ होतं, या गटात ७.९.

दोन्हीकडचे रुग्ण अगदी सारखे नव्हते, त्यामुळे भांडायला जागा आहे. पण माझं मत विचाराल तर फरक त्या चोवीस तास बसलेल्या माणसांनी पाडला.

संशयात्मा

डॉक्टरसाहेब, तुमचे आकडे मान्य. पण मूळ धाग्यात भावाने विचारलेला प्रश्न तुम्ही अलगद बाजूला ठेवलात. लोकेशन कशाला?

पावलं मोजायला लोकेशन लागत नाही. झोप मोजायला तर नाहीच नाही. काही फोनमध्ये ब्लूटूथने पट्टा जोडायला ती परवानगी मागावी लागते हे मलाही ठाऊक आहे, पण मग पत्रकात तसं लिहा ना. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला म्हणून लोक निर्धास्त होतात. त्याच कायद्यात संशोधनासाठी केलेल्या वापराला, ठरवून दिलेले निकष पाळले तर, सूट आहे. म्हणजे जिथे सगळ्यात नाजूक माहिती गोळा होते तिथेच दार किलकिलं.

२०२० मध्ये आरोग्य सेतू सक्तीचं केलं तेव्हा आमच्या ऑफिसात लोक गेटवर दाखवण्यापुरतं अ‍ॅप टाकायचे आणि आत आल्यावर उडवायचे. लोकांना तंत्रज्ञानाचं वावडं नव्हतं, लादलेलं नको होतं.

आणि उद्या हीच माहिती विमा कंपनीच्या हाती गेली तर? "रात्री तीन उशा" एवढ्यावर प्रीमियम दुप्पट.

झणझणीत

तरी म्हटलं उशा कुठेतरी परत येणार.

रिसर्चवाली

सावनीताई, तुम्हाला जी मुलगी भेटली तेच माझं काम. मुंबईत क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. हॉस्पिटलचं नाव विचारू नका.

रुग्णांना मोबाईलबद्दल काय वाटतं यावर परिषदांमध्ये स्लाईड असतात: गोपनीयता, वापरायची सोय, वगैरे. ओपीडीत काय ऐकू येतं ते मी सांगते.

पहिलं म्हणजे ओटीपी. बँक, पोलीस, टीव्ही, नातवंडं सगळ्यांनी मिळून बिंबवलंय की ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. आणि मी समोर बसून म्हणते, "काका, आत्ता एक मेसेज येईल, त्यातला नंबर सांगा." मागे एका काकांनी फोन छातीशी धरला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, पण नाही." मला त्यांचं कौतुकच वाटलं. आता मी फोनला हात लावत नाही. आकडा त्यांनीच बघायचा, त्यांनीच टाकायचा, मी बघतही नाही. सह्या होण्याचं प्रमाण त्यानंतर खरोखर वाढलं.

दुसरं, फोनमध्ये जागा नसते. अ‍ॅप उतरतच नाही, कारण गुड मॉर्निंगचे फुलवाले फोटो आणि नातवाचे व्हिडिओ. फुलं उडवायला लोक तयार होतात. नातवाला कोणी हात लावू देत नाही.

तिसरं, मी पाठपुराव्याला फोन करते तेव्हा नंबर ओळखणाऱ्या अ‍ॅपवर आमचा नंबर लाल येतो. रुग्ण उचलत नाही. मग अभ्यासाच्या कागदांवर तो "संपर्कात नाही" ठरतो, आणि प्रत्यक्षात तो घरी बसून माझाच फोन कापत असतो.

@संशयात्मा, लोकेशनचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. आमच्या एका अभ्यासात एथिक्स कमिटीतल्या (अभ्यास सहभागींच्या हिताचा आहे का ते तपासणारी समिती) सामान्य नागरिक म्हणून बसणाऱ्या बाईंनीच तो उचलला आणि ती परवानगी काढायला लावली. तेव्हा विचारा. विचारलेलं आम्हाला आवडतं, काम वाढतं तरीही.

आईंच्या प्रश्नांची उत्तरं: पट्टा हरवला तर सहभागीला भुर्दंड पडता कामा नये, पण पत्रकात लिहिलंय का ते पाहा. आणि भरायचं राहिलं तर रागावायचा कोणाला अधिकार नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये.

सातारी_कंदी

"तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, पण नाही" 😂 काकांना दंडवत.

पायवाट

शहरातली चर्चा चालू आहे, त्यात जरा डोंगरातलं.

मी काही वर्षं नंदुरबारच्या धडगाव भागात आरोग्य प्रकल्पावर होतो. तिथे "रुग्णाचा मोबाईल" असं काही नसतं. घराचा मोबाईल असतो, आणि तो घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. पुरुष ऊसतोडीला गेला की मोबाईलही गुजरातेत. बाईच्या नावापुढे नोंदवलेला नंबर लावला की पलीकडून फडावरचा मुकादम बोलायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशात स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बायका सुमारे ५४ टक्के निघाल्या. उरलेल्या जवळजवळ निम्म्या बायका अ‍ॅपवरच्या कुठल्याही अभ्यासात दिसणारच नाहीत. आणि मग निष्कर्ष येतो की "रुग्णांनी तंत्रज्ञानाचं स्वागत केलं". ज्यांच्याकडे फोन होता त्यांनी केलं!

रेंजचं तर विचारू नका. आमच्या एका आशाताईंना ठरावीक टेकाड ठाऊक होतं. दिवसभराच्या नोंदी घेऊन संध्याकाळी त्या तिथे चढायच्या, फोन वर धरायच्या आणि "गेलं, गेलं" म्हणत खाली यायच्या. सर्व्हरवर सगळ्या नोंदींची वेळ एकच, सूर्यास्ताची. पुण्याहून ईमेल आला, सगळी माहिती एकाच वेळी कशी, खोटी आहे का?

डॉ_मध्यमवर्गीय

पायवाट, उत्तम प्रतिसाद. यावरून ९९डॉट्स आठवलं. स्मार्टफोन लागत नाही, ही त्याची खुबी. टीबीच्या गोळ्यांच्या पाकिटावर गोळीमागे एक नंबर दडवलेला असतो. गोळी काढली की तो दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, फुकट. कोणता नंबर निघणार हे रुग्णाला आधी कळत नाही, म्हणून कॉल आला म्हणजे गोळी पाकिटातून बाहेर आली एवढं धरता येतं.

पायवाट

पाकिटातून बाहेर आली, पोटात गेली का हे नाही. :)

शिवाय घरात टीबी लपवलेली सून रोज ठरावीक वेळी कुठेतरी मिस्ड कॉल देते, हे सासूच्या डोळ्यांत यायला वेळ लागत नाही. "कोणाला लावतेस गं रोज?" हा प्रश्न कुठल्या प्रश्नावलीत नसतो. उलट एक आजोबा होते, त्यांना दुसऱ्या एका प्रकल्पातून विचारपूस करणारा फोन यायचा. उपचार संपले तरी ते मला विचारायचे, "आता त्या बाईचा फोन का येत नाही?" ती बाई रेकॉर्डिंग होती, हे त्यांना सांगवलं नाही.

लीड्सकर

आमचं नेमकं उलट. मार्च २०२० मध्ये किंग्ज कॉलेज आणि झोई कंपनीचं कोविड लक्षणांचं अ‍ॅप आलं आणि इथल्या लाखो लोकांनी ते घेतलं. मी आणि नवरा चहा उकळेपर्यंत भरायचो: आज बरं वाटतंय, नाही वाटत. वास जाणं हे ठळक लक्षण आहे, हे त्यातून लवकर पुढे आलं. टाळेबंदीत घरात बसून आपण काहीतरी केलं असं वाटायचं, खोटं कशाला सांगू. सक्ती कोणाची नव्हती, म्हणून कदाचित.

पण महामारी ओसरल्यावर माझा उत्साहही ओसरला. अ‍ॅप "आज कसं वाटतंय?" विचारत राहिलं आणि मी उत्तर देणं सोडलं.

टाईप_वन

मी स्वतः सहभागी होतो, म्हणून लिहितो. पंधरा वर्षांपासून टाईप १ मधुमेह. दंडावर सेन्सर चिकटवायचा, तो चौदा दिवस चालतो, मोबाईल जवळ नेला की आकडा आणि आलेख. अभ्यास होता म्हणून सेन्सर फुकट मिळाले, एरवी खिशाला परवडत नाहीत. हो म्हणण्याचं पहिलं कारण हेच, समाजसेवा वगैरे नंतर.

सुरुवातीला वेड लागल्यासारखं बघायचो. होळीला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि आलेख बघत बसलो. रेघ चढते, अजून चढते, बायको म्हणते फोन ठेव, मी म्हणतो थांब, शिखर यायचंय. जेवणातली मजाच गेली. नंतर कळलं की भात नुसता खाण्यापेक्षा आधी कोशिंबीर-उसळ खाल्ली तर माझी रेघ जरा सपाट राहते, तेव्हापासून बघणं कामाचं झालं.

तक्रार एकच. अभ्यास संपला, सेन्सर बंद झाले, आणि निकाल काय लागला हे आजवर कोणी कळवलं नाही. माझ्या दंडावरची माहिती कुठल्यातरी परिषदेत रेघ बनून फिरत असेल. मला एक पानाचं पत्र आलं असतं तरी चाललं असतं.

मंजू_ठाणे

+१ निकालाबद्दल. सासऱ्यांनाही काही कळवलं नाही. ते अजून अधूनमधून विचारतात, "त्या पोरांचं काय झालं पुढे?"

अण्णा_७४

वय नावातच आहे. या धाग्यात ज्येष्ठ म्हणजे ज्याला मोबाईल येत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सगळं मी मोबाईलवर करतो, आणि सुनेचं तिकीटही मीच काढतो.

मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका अभ्यासात होतो. त्रास अ‍ॅपचा नव्हता. अक्षर मुंगीएवढं आणि वेदना शून्य ते दहा दाखवायची पट्टी बोटाने सरकवायची. माझं बोट जाड, कातडी कोरडी. चारवर थांबवायला जावं तर सातवर जायची. दोनदा सातच राहू दिली. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टचा काळजीने फोन आला, फार दुखतंय का? म्हटलं, गुडघा ठीक आहे, तुमची पट्टी घसरते. त्यांनी पुढच्या खेपेला आकडे असलेली मोठी बटणं आणली. ज्यांनी ऐकलं त्यांना पैकीच्या पैकी गुण.

झणझणीत

अण्णा, आमच्या इमारतीत एका आजोबांना अशाच अभ्यासात रोज ठरावीक पावलं चालायची होती. पट्टा शेजारच्या बंटीच्या हातात. बंटी दुसरीत. त्या आठवड्यात आजोबा रोज अठरा हजार पावलं चालले, त्यातली निम्मी जिन्यात.

डॉ_मध्यमवर्गीय

हसू आलं, पण कागदावर फसवणूक कमी होते असं कोणी समजू नये. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक झकास अभ्यास आला होता. जुनाट दुखणं असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना कागदाची डायरी दिली, दिवसातून तीनदा ठरल्या वेळी भरायला. डायरी कधी उघडली, कधी मिटली हे टिपणारं प्रकाश ओळखणारं यंत्र आत दडवलेलं होतं, ते रुग्णांना सांगितलं नव्हतं. कागदावरच्या वेळांवरून ९० टक्के नोंदी वेळेवर. प्रत्यक्षात ११ टक्के! ३२ टक्के दिवशी तर डायरी उघडलीच नव्हती, तरी त्या दिवसांच्या नोंदी हजर. ज्यांना इलेक्ट्रॉनिक डायरी दिली त्यांचं प्रमाण ९४ टक्के, कारण ती मागची तारीख घेतच नव्हती.

सातारी_कंदी

म्हणजे आमची शुद्धलेखनाची वही. मे महिन्याची रोज एक पान, सगळी १२ जूनच्या रात्री, तीन वेगवेगळ्या पेनांनी.

संशयात्मा

आणि रुग्णांना न सांगता डायरीत यंत्र दडवलं याबद्दल कोणाला काहीच वाटत नाही? मी एकटाच?

डॉ_मध्यमवर्गीय

एकटा नाहीस, त्यावर तेव्हाही चर्चा झाली असणार. पण सांगितलं असतं तर काय सापडलं असतं?

संशयात्मा

बघा. "सांगितलं असतं तर सापडलं नसतं." उद्या पट्ट्याबद्दलही हेच म्हणाल.

डॉ_मध्यमवर्गीय

म्हणेन असं तू ठरवून टाकलंस. मी तर पहिल्याच प्रतिसादात पलीकडे कोण वाचतं ते विचार म्हटलंय. माझ्या तोंडी शब्द घालू नकोस बाबा.

मंजू_ठाणे

अहो, धाग्याचा खफ (गप्पांचा खरडफळा) करू नका. व्यनितून (खासगी निरोपातून) भांडा.

गोंयकार

फक्त एक. घड्याळं विकणारे म्हणतात लाखो लोक अभ्यासात सामील. अ‍ॅपलच्या हृदयाच्या अभ्यासात ४ लाख १९ हजार लोक होते, हे खरं. पण किती टिकले तेही बघा.

डॉ_मध्यमवर्गीय

बरोबर. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अनियमित नाडीची सूचना मिळालेले २१६१, आणि पुढे छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, आणि ती तपासता आली, असे त्यांतले ४५० जणच. बटण दाबून आलेला माणूस बटण दाबूनच जातो, निरोपही घेत नाही. समोर बसून, चहा पिऊन, सही करून आलेला जरा जास्त टिकतो. हा माझा ओपीडीतला ठोकताळा, शास्त्र नव्हे.

रिसर्चवाली

चहाला अनुमोदन. आमच्याकडे चहाचं बजेट नाही, तो माझ्या खिशातून जातो.

कायद्याचं एक राहिलं. औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे नियम लागतात. अगदी नव्या रसायनाची चाचणी आणि सहभागी दुर्बल घटकातला, तर संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी नुसता आवाज, चेहरा नाही. चेहरा दिसण्याची भीती नियम करणाऱ्यांनाही मान्य करावी लागली. कॅमेरा लावला की बायका आधी पदर सारखा करतात आणि मग मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघतात. अशा वेळी मी नवऱ्याला बाहेर बसवते आणि पहिल्यापासून समजावते. कधी कधी उत्तर बदलतं.

सावनीताईंच्या आईचा अभ्यास औषधाचा नाही, म्हणजे चित्रीकरण बहुधा नसेल. पण सीटीआरआय या भारतीय नोंदणीच्या साइटवर तो नोंदलेला आहे का ते शोधा. पत्रकावर नंबर असेल. खर्च कोण करतंय, किती जण घेणार, सगळं तिथे दिसतं. एथिक्स कमिटीचा फोनही पत्रकावर असतो, त्यावर कोणीच फोन करत नाही. करा.

सावनी_प

सगळ्यांचे मनापासून आभार, मधल्या भांडणासकट. काल परत गेलो, प्रश्न लिहूनच नेले होते.

पलीकडे कोण वाचतं? एक नर्स, सोमवार ते शनिवार, दहा ते पाच. वजन ठरावीक मर्यादेबाहेर गेलं तर ती फोन करते. रात्री आणि रविवारी कोणी नाही. पत्रकात हे होतं, सातव्या पानावर, बारीक अक्षरात. आईला ठामपणे सांगून ठेवलंय, रात्री धाप लागली तर अ‍ॅप भरत बसायचं नाही, मला उठवायचं आणि १०८ ला फोन.

लोकेशन: ब्लूटूथसाठीच लागतं म्हणाले, साठवत नाही, आणि तसं लेखी द्यायला तयार झाले. भावाचं निम्मं समाधान. सीटीआरआयवर नोंद सापडली, खर्च कोण करतंय तेही दिसलं, पण बाबांचा चेहरा काही सैल झाला नाही. पट्टा हरवला तर पैसे नाहीत. निकाल कळवणार का, हे टाईप_वन यांच्यामुळे विचारलं. ती मुलगी गप्प झाली, मग म्हणाली, "हे कोणी विचारलं नव्हतं, सरांना विचारून सांगते." अजून उत्तर नाही.

आईने हो म्हटलंय. कारण विचारलं तर म्हणाली, "ती मुलगी रोज फोन करणार ना?" मी म्हटलं रोज नाही, वजन वाढलं तरच. त्यावर ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "बघते मग."

झणझणीत

काकू आता मुद्दाम लोणचं-पापड खाऊन वजन वाढवणार.

डॉ_मध्यमवर्गीय

हसण्यावारी नेऊ नका, मीठ खरंच सांभाळा. हो म्हणण्याचं त्यांचं कारण मला फार खरं वाटलं. त्या नर्सना सांगून आठवड्यातून एकदा असाच फोन ठरवता येतो का बघ. अभ्यासाच्या आराखड्यात बसणार नाही कदाचित, मग तूच कर.

संशयात्मा

ते लेखी दिलेलं हातात पडेपर्यंत अ‍ॅप टाकू नका. तोंडी आश्वासनाला सर्व्हरवर जागा नसते.

अण्णा_७४

मोठी बटणं आहेत का तेवढं बघून घ्या. नसतील तर मागा.

सावनी_प

@संशयात्मा, लेखी आल्याशिवाय टाकणार नाही, भावाचीही तीच अट आहे. @अण्णा, बटणं बरी आहेत, आईने चष्म्याशिवाय वाचली.

आता एक साधा प्रश्न. हे पट्टे चार्ज कधी करायचे? रात्री काढला तर झोप मोजली जाणार नाही, दिवसा काढला तर पावलं.

टाईप_वन

अंघोळीला जाताना लावायचा, पूजा आणि नाश्ता होईपर्यंत पुरेसा चार्ज होतो. चार्जर देवघराजवळच्या प्लगला ठेवा, म्हणजे विसरत नाही. आणि पट्ट्याखालची कातडी रोज कोरडी करा, नाहीतर उन्हाळ्यात पुरळ येतं.